गिरणीपर्यंतचा दम

चंद्राक्का मगदूम यांनी सगळ्या मिरजेच्या साक्षीने आपल्या सख्ख्या भाचीला बाद दिलं, तेव्हा मैदानावर दोन आवाज होते. एक कर्ण्यातून येत होता आणि तो अखंड होता. दुसरा भाचीच्या तोंडातून येत होता आणि तो तुटला होता. स्टेडियमभर लोकांनी पहिला ऐकला, चंद्राक्कांनी दुसरा. पंचाने कुठला ऐकायचा याबद्दल नियमपुस्तकात काही लिहिलेलं नव्हतं, कारण ते पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा माणसाला एकच आवाज असे.

२०४३ सालच्या लीगमधला हा उपांत्य सामना. चंद्राक्का त्रेसष्ट वर्षांच्या. तरुणपणी त्यांच्या चढाईला सांगलीपासून चिपळूणपर्यंत नाव होतं, त्या नावावर एसटीत कंडक्टरची नोकरी लागली आणि निवृत्तीनंतर त्या पंच झाल्या. म्हणजे कंडक्टरची शिट्टी गेली आणि पंचाची आली, तोंडातून शिट्टी अशी निघालीच नाही. भरलेल्या गाडीत मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटलेलं 'एक अर्धं' ऐकू येणारे कान त्यांना सरकारने पगार देऊन तयार करून दिले होते.

ज्यांनी कबड्डी फक्त पडद्यावर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगायला हवं. चढाईला गेलेल्या खेळाडूने 'कबड्डी, कबड्डी' असा उच्चार एका दमात करत राहायचं असतं. दम सरण्याआधी मध्यरेषा ओलांडून घरी यायचं. शत्रूच्या अंगणात श्वास घेतला की बाद. इतर खेळांत माणूस हातापायांनी हरतो, इथे फुप्फुसाने हरतो. पण लीग आली, प्रत्येक चढाईला घड्याळ लागलं, प्रेक्षकांच्या गोंगाटात उच्चार ऐकू येईना, म्हणून दोन वर्षांपूर्वी प्रायोजकांनी खेळाडूंच्या गळ्यात कंठपट्टी बांधली. ती उच्चार टिपायची आणि कर्ण्यावर टाकायची. फोनची रेंज मध्येच गेली की हुकलेले शब्द यंत्र आपल्या मनाने भरून घेतं, तसं कंठपट्टीही मधली फट भरून घेई. खेळाडूच्याच आवाजात. प्रसारण सुंदर व्हायचं.

आर्वी मगदूम, वय वीस, कृष्णाकाठ संघाची कप्तान आणि चंद्राक्कांच्या भावाची मुलगी, त्या दिवशी बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून वळली आणि वळताना तिने श्वास घेतला. छोटासा, चोरटा. कर्ण्यावर कबड्डी चालूच होती. चंद्राक्कांनी शिट्टी मारली आणि हात वर केला.

स्टेडियम एकदम गप्प झालं आणि मग चंद्राक्कांच्या घराण्याबद्दल बोलू लागलं. सामना कृष्णाकाठनेच जिंकला, पण तो वर गेलेला हात काही कुणी विसरलं नाही.

रात्रीचं जेवण मगदुमांकडे होत नाही. घर जैन, सूर्यास्तानंतर चूल बंद. त्यामुळे भांडण उपाशीपोटी झालं. भाऊ भूपाल म्हणाला की आक्काने पोरीचं करिअर शिट्टीवर उडवलं. राज्य संघाची निवड अंतिम सामन्यावर आहे, आणि निवडसमितीपुढे घरच्याच माणसाने असा डाग लावावा.  आर्वी थंडपणे म्हणाली, "आत्या, कान तपासून घे. सगळ्यांना ऐकू आलं ते तुलाच तेवढं आलं नाही."

"मला जे ऐकू आलं ते सगळ्यांना आलं नाही," चंद्राक्का म्हणाल्या. "श्वास का घेतलास ते सांग. मी ओरडत नाही, विचारतो."

मिरजेकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात आणि पुण्याच्या पाहुण्यांनी त्यावर कितीही भुवया उंचावल्या तरी जातात आणि येतात. आर्वी मात्र उत्तर न देता उठली, खिशातून पावा काढला आणि गच्चीवर गेली.

आता पाव्याबद्दल.

पाव्याचा जन्म मधुमेहातून झाला. गोडाशिवाय ज्यांचा सण होत नाही आणि गोडाने ज्यांची रक्ततपासणी बिघडते अशा लोकांचा हा देश. 'सुग्रास' नावाच्या कंपनीने एक साधी गोष्ट हेरली. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू अशी मोजकीच कामं जमतात. बासुंदीचं बासुंदीपण जिभेला कळतच नाही, ते घशाच्या मागून नाकात शिरणाऱ्या वासावरून मेंदूला कळतं. मग बासुंदी कशाला हवी? वास पुरे. तो एका पातळ द्रवात विरघळवा, द्रवाचं धुकं करा, धुकं छातीत ओढून घ्या. तृप्ती येते, साखर वाढत नाही, वजन वाढत नाही. ओठाला लावायची नळी बासरीसारखी दिसायची म्हणून लोक तिला पावा म्हणू लागले, आणि तिच्यात बसणाऱ्या बोटभर बाटलीला कुपी.

वाफा ओढायच्या सिगरेटींवर देशात फार पूर्वीपासून बंदी होती. पण ती बंदी द्रव तापवणाऱ्या यंत्रांवर होती. पावा काही तापवत नव्हता, तो द्रवाला थरथरवून धुकं करत होता. शिवाय त्यात तंबाखू नाही, निकोटीन नाही. कुपीतलं एकूण एक द्रव्य अन्नात चालतं अशा यादीतलं. म्हणून पाव्याची नोंद अन्न म्हणून झाली, आणि कुपीवर शाकाहाराचा हिरवा ठिपका आला. धुकं शाकाहारी असल्याचं पाहून मिरजेत पुष्कळांना बरं वाटलं.

भूपालचं बासुंदीचं दुकान होतं. त्याने कढई उतरवून 'सुग्रास'ची एजन्सी घेतली. त्याच्या थोरलीच्या साखरपुड्याला मिरजेतली पहिली धुक्याची पंगत बसली. पाटावर माणसं, माणसांपुढे रांगोळी, हातात पावे. पण पंगत म्हटली की आग्रह आला. व्याही 'पुरे' म्हणाले, भूपालने त्यांच्या गळ्याची शपथ घालून आणखी तीन झुरके पुरणपोळी ओढायला लावली, व्याह्यांनी उलट भूपालला आमरस. पोटाची पंगत पोट भरलं की थांबते. छाती काही 'भरली' म्हणत नाही. सगळे खोकत, समाधानाने उठले.

धंदा खरा वाढला तो सूर्यास्तानंतर. अंधार पडल्यावर खायचं नाही हा नियम, पण हुंगण्याबद्दल कुणी काही म्हटलेलं नव्हतं. भूपालने स्वतःच्या अधिकारात निकाल दिला की पावा हे काही खाणं नव्हे. संध्याकाळी सातनंतर अख्खी गल्ली खिडक्यांत बसून बासुंदी ओढू लागली. चंद्राक्कासुद्धा. त्यांना साखर होती, आणि बासुंदीचं वेडही. वर्षभरात त्यांच्या उशाशी रिकाम्या कुप्यांचा ढीग झाला, हे त्या लपवत नसत.

आणि पोरी? कबड्डीत वजनाची मर्यादा असते. काट्यावर सुई एक रेघ पुढे गेली की खेळाडू बाहेर. आठ-आठ दिवस अर्धपोटी राहणाऱ्या मुलींना तुपातल्या शिऱ्याचं समाधान फुकट मिळत होतं, कारण 'सुग्रास'च लीगची प्रायोजक. संघाच्या खोलीत साजूक तुपाच्या कुप्यांचे खोके रचलेले असत. भूक लागली की पावा, चढाईआधी पावा, झोपेआधी पावा.

उपांत्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चंद्राक्कांचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि 'ज्येष्ठ मार्गदर्शक पंच' ही पदवी. या पदावरच्या माणसाने मैदानावर उतरायचं नसून खुर्चीवर बसून मार्गदर्शन करायचं होतं. 'सुग्रास'चे विपणनप्रमुख अमोघ वर्दे यांनी स्वतः त्यांच्या खांद्यावर शाल घातली. गृहस्थ अत्यंत नम्र. एखाद्याला दाराबाहेर काढायचं असेल तर आधी दारात रांगोळी काढतील असे. चंद्राक्कांनी शाल घेतली, नारळ घेतला, आणि घरी येऊन नारळ फोडला.

त्या गल्लीत दम मोजायची मगदुमांची एक पद्धत होती. उंबऱ्यावर उभं राहून छाती भरायची आणि कबड्डी म्हणत चालायला लागायचं. आधी शिंप्याचं दुकान, मग सायकलवाला, मग सतारी बनवणाऱ्यांचं दुकान, आणि कोपऱ्यावर आवटींची गिरणी. लहानपणी आर्वीला आत्याने असंच तयार केलं. शाळेत असतानाच पोरगी एका दमात गिरणी गाठायची आणि पिठाने पांढरे झालेले आवटी आतून ओरडून दाद द्यायचे.

सत्कारानंतर चार-पाच दिवसांनी चंद्राक्का पहाटे अंथरुणात खोकत पडल्या होत्या, तेव्हा खिडकीखालून आवाज आला. कबड्डी, कबड्डी. आर्वी एकटीच निघाली होती, कंठपट्टीशिवाय. चंद्राक्का उठून बसल्या आणि ऐकू लागल्या. शिंप्याचं दुकान आलं आणि आवाज तुटला. पावलं परत उंबऱ्यापाशी आली. पुन्हा कबड्डी. पुन्हा शिंपी. तिसऱ्या वेळी तर शिंप्याचा फलकही आला नाही. मग गल्लीत बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता, फाटलेल्या पिशवीतून हवा जावी तसा.

चंद्राक्कांनी खिडकी उघडली नाही. उघडली असती तर पोरगी पुन्हा कधी त्या उंबऱ्यावर उभी राहिली नसती, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याऐवजी सकाळी त्या म्हणाल्या की छातीत दुखतंय, दवाखान्यात सोडतेस का. अबोला होता तरी आर्वीने स्कूटर काढली.

फुप्फुसांच्या डॉक्टर फरहाना बारगीर मिरजेच्याच, शब्द मोजून वापरणाऱ्या. त्यांनी आधी चंद्राक्कांना नळीत फुंकायला लावलं. पडद्यावर एक वाकडी रेघ उमटली. वयाच्या मानाने बरी आहे, पण जरा दबली आहे, असं त्या म्हणाल्या आणि पावा ओढता का म्हणून विचारलं. चंद्राक्कांनी मान डोलावली.

"तू पण फुंक की," चंद्राक्का भाचीला म्हणाल्या. "बघू, म्हातारीला हरवतेस का."

मगदुमांच्या रक्तातला हा दोष. आव्हान आलं की विचार मागे पडतो. आर्वीने नळी घेतली, फुंकली. तिची रेघ आत्याच्या रेघेच्या खाली उमटली. ती म्हणाली यंत्र बिघडलंय, आणि पुन्हा फुंकली. पुन्हा खाली. पाचव्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते खोकल्यामुळे आहे असं तिने कुणी न विचारता सांगितलं. डॉक्टरांनी नळी तिच्या हातातून हळूच काढून घेतली आणि छातीचा बारकाईने स्कॅन काढला.

मग त्यांनी समजावून सांगितलं. पोटात गेलेल्या गोष्टीला आधी आम्ल भेटतं, पुढे यकृत तिची झडती घेतं. फुप्फुसात तसा बंदोबस्त नाही. हवा सरळ रक्तात उतरावी म्हणून तिथला पडदा मुद्दामच पातळ ठेवला आहे. राखण करायला फक्त श्वासनळ्यांच्या आतली बारीक लव, धूळ-जंतू झाडून बाहेर ढकलणारी. दालचिनीचा वास देणारं द्रव्य त्या लवेला बधिर करतं. लोण्यातुपाचा वास देणारं द्रव्य त्याहून खोल जातं, केसाएवढ्या नळ्यांपर्यंत, आणि तिथलं अस्तर भाजतं. शरीर डागडुजी करतं, पण घाईघाईने व्रणाचा गिलावा मारतं, आणि गिलावा नळीतच दाटतो. मिरजेच्या पाण्याने नळाला क्षार चढून धार बारीक होते ना, तसं. फरक एवढाच की नळ बदलता येतो.

हे नवीनही नव्हतं. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मक्याच्या लाह्यांना लोण्याचा वास लावणाऱ्या कारखान्यांतले कामगार असेच धापा टाकू लागले होते, आणि त्या वासाचं द्रव्य, डायअसिटिल, बदनाम झालं होतं. म्हणूनच कुपीवर ठळक छापलेलं असे, 'डायअसिटिलमुक्त'. ते खरंच होतं. त्याच्या जागी त्याचा सख्खा चुलतभाऊ कामाला ठेवला होता. कार्बनचा एक अणू जास्त, बाकी वास तोच आणि गुण तेच, फक्त पेपरात नाव आलेलं नव्हतं. सगळं उंदरांना खाऊ घालून तपासलं होतं. हुंगवून नाही. अन्न कुणी हुंगवून तपासत नाही.

"गेलेलं परत येईल?" आर्वीने विचारलं.

"जिथे व्रण धरला ते नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे नुसती सूज आहे ते पुष्कळसं येईल, आज थांबलीस तर. अजून एक हंगाम असाच काढलास तर मी तुला जिने चढायला मनाई करीन."

 परतताना घराशी स्कूटर थांबवून आर्वी एवढंच म्हणाली की राज्य संघाच्या निवडीपर्यंत कुणाला काही सांगायचं नाही.

चंद्राक्कांनी त्या दिवशी उशाचा ढीग उकिरड्यावर नेऊन टाकला आणि दोन दिवस घरातल्या प्रत्येकावर खेकसत काढले. तिसऱ्या दिवशी त्या भावाच्या दुकानात गेल्या. स्कॅनचं चित्र त्याच्यासमोर ठेवलं. भूपालने ते उजेडाला धरून पाहिलं. मग म्हणाला की हे अन्न आहे आक्का, सरकारी शिक्का आहे, अन्नाने कुणाची छाती जळते का?

"दिवसा अन्न आहे म्हणून सुरक्षित," चंद्राक्का म्हणाल्या, "आणि दिवे लागले की अन्न नाही म्हणून चालतं. भूपाल, तू एक काय ते ठरव. अन्न असेल तर रात्री बंद कर. हवा असेल तर ठिपका खरवड."

भूपालने स्कॅनचं चित्र गल्ल्याखाली सरकवलं, पण एजन्सी काही त्याला सुटवेना. आणि त्याने, भावंडांमध्ये असं होतंच, जाऊन वर्द्यांना सगळं सांगितलं. पोरीच्या भल्यासाठी.

वर्दे मिठाई न घेता आले, पावे घेऊन आले. बैठकीत बसून त्यांनी आर्वीच्या प्रकृतीची आस्थेने चौकशी केली. एका स्कॅनवरून काही सिद्ध होत नाही, असं ते म्हणाले. मिरजेची धूळ आहे, आवटींच्या गिरणीचं पीठ आहे, आत्याबाईंच्या एसटीचा धूरही असेल. आर्वीने अंतिम सामना खेळावा. नवी कंठपट्टी आली आहे, जुनीपेक्षा कितीतरी सरस, घोटभरही फट ठेवत नाही. निवड होईल, मग कंपनी तिला जाहिरातींचा चेहरा करील, आणि खेळायची गरजच उरणार नाही.

"वर्देसाहेब," चंद्राक्का म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं अन्नच आहे ना?"

"शंभर टक्के. देशात रोज लाखो लोक हीच द्रव्यं खातात, आक्का."

"मग खायला घाला की. छातीत कशाला कोंबता?"

वर्दे हसले. हे त्यांना पुन्हा कुठेतरी सांगायला उपयोगी पडेल असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आर्वी मात्र हसली नाही. तिने नवी कंठपट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "खेळतो मी." वर्दे समाधानाने उठले. चंद्राक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि कारण नसताना भांडी घासू लागल्या. आपण पोरीला चढाई शिकवली, परत यायला शिकवलंच नाही, असं काहीसं त्यांच्या मनात येत होतं.

अंतिम सामना मिरजेतच, साताऱ्याच्या संघाशी. मंचावर पाहुणे, पाहुण्यांच्या हातात चांदीचा मुलामा दिलेले पावे. ज्येष्ठ मार्गदर्शकांची खुर्ची मंचाच्या टोकाला, कर्ण्याच्या बरोबर खाली, म्हणजे मार्गदर्शन केलंच तरी ऐकू जाऊ नये. नाणेफेकीला दोन्ही कप्तान मध्यरेषेवर आल्या आणि आर्वीने पंच बदलून मागितला. साताऱ्याच्या कप्ताननेही मान डोलावली, आदल्या रात्री दोघींचं फोनवर बोलणं झालेलं होतं. जुन्या गावठी कबड्डीतला एक नियम लीगच्या पुस्तकातून काढून टाकायला कुणीतरी विसरलं होतं: दोन्ही कप्तान एका नावावर राजी असतील तर पंच त्यांचा. दोघी एका नावावर राजी होत्या. सामनाधिकाऱ्यांनी पुस्तक चाळलं, मंचाकडे पाहिलं, पुन्हा पुस्तक चाळलं. प्रसारण सुरू झालेलं होतं.

चंद्राक्का शाल खुर्चीवर ठेवून उतरल्या.

पहिली चढाई आर्वीची. मध्यरेषेपाशी ती थांबली, गळ्यामागे हात नेला, कंठपट्टी सोडली आणि आत्याच्या हातात दिली.

"ऐक आता," ती म्हणाली. "बरोबर ऐक."

कर्णा बंद पडला. आधी लोकांना वाटलं बिघाड झाला. मग आर्वी साताऱ्याच्या अंगणात शिरली, आणि पुष्कळांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या मैदानावर माणसाच्या तोंडचा उच्चार ऐकला. कबड्डी, कबड्डी. बारीक, खरखरीत. साताऱ्याच्या सात जणी उभ्या राहिल्या. कुणी पकड केली नाही, कुणी पळाली नाही. बोनस रेषेच्याही अलीकडे उच्चार अडखळला, मग नुसती हवा आली, मग तीही अडली. आर्वी गुडघ्यांवर हात ठेवून वाकली.

चंद्राक्कांच्या ओठात शिट्टी होती. राज्य संघाची निवडसमिती पहिल्या रांगेत बसलेली होती. एक क्षण त्यांना शिट्टी गिळावीशी वाटली. मग त्यांनी ती मारली आणि हात वर केला. आर्वीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा, कितीतरी दिवसांत, हसली. तशीच धापा टाकत बाद खेळाडूंच्या जागी जाऊन बसली.

साताऱ्याची कप्तान पुढे आली. तिनेही पट्टी काढली. ती आर्वीहून चार पावलं जास्त गेली आणि तुटली. शिट्टी. मग कृष्णाकाठची दुसरी. शिट्टी. साताऱ्याची दुसरी. शिट्टी. कुणी कुणाला शिवलं नाही. एकेक मुलगी येत होती, पट्टी चंद्राक्कांच्या हातात देत होती, आपला दम सगळ्यांना ऐकवत होती आणि जाऊन बसत होती, नियमाने जिवंत झाली तरी उठत नव्हती. चंद्राक्कांच्या मनगटावर पट्ट्यांचा बांगड्यांसारखा चुडा भरला. प्रेक्षकांत कुणीतरी खिशातला पावा काढून त्याच्याकडे बघत बसला होता. भूपाल मंचामागे उभा होता. त्याला बसवत नव्हतं.

मंचावर वर्द्यांची नम्रता प्रथमच थोडी हलली. त्यांनी कुणाच्या तरी कानात काही सांगितलं, आणि एकाएकी कर्णा सुरू झाला. मुलींच्या आवाजांचा साठा यंत्रात होताच. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. ठणठणीत, गोड, अखंड. आर्वीचाच आवाज, दोन वर्षांपूर्वीचा. अंगण रिकामं होतं, चौदाही मुली बसलेल्या होत्या, त्यांची तोंडं मिटलेली होती, आणि कर्णा चढाई करत होता.

चंद्राक्का मैदानाच्या मध्यावर उभ्या राहून ऐकत होत्या. पंचाने पूर्ण ऐकून घ्यावं, या मताच्या त्या होत्या. तो आवाज शिंपी ओलांडून गेला असता, सायकलवाला, सतारी, गिरणी ओलांडून हरिपूरला नदीत उतरला असता, पण श्वास काही त्याने घेतला नसता. त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. एसटी घाटात थांबवावी इतक्या जोराने. फुंकता फुंकता त्यांना खोकला आला, तो आवरून पुन्हा फुंकली. उजवा हात वर गेला, आणि खाली आला तो कर्ण्याच्या आणि त्याखाली बसलेल्या मंचाच्या दिशेने.

"बाद," त्या म्हणाल्या.

सामनाधिकारी धावत आले. कर्ण्याला बाद देता येत नाही, तो खेळाडू नाही, असं त्यांनी अजिजीने सांगितलं.

"खेळाडू नाही, तर मग अंगणात उच्चार कशाला करतो?" चंद्राक्कांनी विचारलं. "लिहा. बाद."

त्यांनी लिहिलं. अंतिम सामन्याचा निकाल अजूनही लीगच्या दप्तरात 'विचाराधीन' आहे.

पुढे जे व्हायचं ते झालं. 'सुग्रास'ने चंद्राक्कांना नोटीस पाठवली, खेळाची प्रतिष्ठा मलिन केल्याबद्दल. लीगने आर्वीला पुढच्या हंगामासाठी काढलं. राज्य संघात तिचं नाव आलं नाही, येणारही नव्हतं. पण डॉक्टर बारगीरांच्या दवाखान्यासमोर कबड्डीच्या मुलींची रांग लागली, मग पैलवानांची, मग सातनंतर खिडकीत बसणाऱ्या अख्ख्या गल्लीची. त्या सगळ्या वाकड्या रेघा घेऊन डॉक्टर, आर्वी आणि साताऱ्याची कप्तान मुंबईला अन्न खात्याच्या सुनावणीला जाऊन आल्या. पावा हे अन्न आहे की हवा, यावर समिती नेमली गेली आहे. आर्वी म्हणते, नेमू दे, मी दर तारखेला जातो, समितीसमोर फुंकून दाखवतो.

भूपालने एजन्सीचा बोर्ड अजून उतरवलेला नाही. पण परवा सकाळी दुकानातून दूध आटल्याचा वास आला, आणि तो कुपीतला नव्हता. त्याने वाटीभर बासुंदी आक्काकडे पाठवली. चंद्राक्कांनी साखरेची गोळी आधी घेतली आणि वाटी चाटून पुसून परत केली. सूर्यास्ताच्या आत.

रोज पहाटे गल्लीत आवाज येतो. आर्वी उंबऱ्यावर उभी राहते, छाती भरते, निघते. बरोबर तीन-चार नव्या पोरी असतात. मागून चंद्राक्का चालतात, गळ्यात शिट्टी. परवा शिंपी मागे पडला. सायकलवाल्याच्या दारात उच्चार तुटला. कोपऱ्यावर आवटी पिठाने पांढरे होऊन दाराशी उभे होते, कुणी येतंय का बघत. गिरणी फार लांब होती, आणि ती त्या अंतरावरच राहील असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं आहे.

चंद्राक्कांनी शिट्टी मारली.

आर्वीने ओणव्यानेच मान वळवून गिरणीकडे पाहिलं, तोंड पुसलं आणि उंबऱ्याकडे परत चालू लागली.

"पुन्हा," ती म्हणाली.